रानड्यांची अर्धा तास भेट

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत गवालिया टँकला तेजपाल नाट्यगृहात नाटकाला आपण जातोच. तिथल्याच संस्कृत पाठशाळेत 28 डिसेंबर 1885 रोजी काँग्रेस स्थापन झाली. जमले होते 72 प्रतिनिधी. आपल्या शाळा सहली वॉटर पार्कला नेतात, इथे नेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. समोर ऑगस्ट क्रांती मैदान, एका सकाळीत दोन्ही होईल! असो.

पुढे 7 ऑगस्ट 1893 पासून मुंबईच्याच ‘इंदुप्रकाश’ या वर्तमानपत्रामध्ये एक निनावी इंग्रजी लेखमाला येऊ लागली. लिहिणारा अरविंद घोष, विलायतेहून येऊन बडोद्याला नोकरीला लागलेला. एकविसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. होय, एकवीससुद्धा पूर्ण नव्हती! त्याचं म्हणणं असं, की ही काँग्रेस वकील-डॉक्टरांची, पदवीधर-व्यापाऱ्यांची. अज्ञानात आणि हालात पिचलेला गरीब हिच्या खिजगणतीत नाही, आणि देशाची खरी आशा तर त्याच्याचवर आहे. पुन्हा सांगते, आशा त्या गरिबावर.

संपादक केशवराव देशपांडे त्याचे केंब्रिजचे मित्र, त्यांनी हे छापलं. पण न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना बजावलं, असंच चाललं तर राजद्रोहाचा खटला होईल. लेखांची धार उतरवावी लागली, अरविंदांचं मन उडालं, मार्च 1894 मध्ये माला थांबली.

रानडे अरविंदांना भेटलेही, इथेच, मुंबईत. अर्धा तास समजावलं त्यांनी. काँग्रेसवर लिहिणं सोडा, काही विधायक काम घ्या. कोणतं? तर तुरुंग सुधारणेचं! हा तरुण चकित झाला, नाराजही झाला. गरिबांबद्दल बोलतोय मी, आणि हे तुरुंगाचं काय काढलं? त्यानं ते मानलं नाही.

त्यानंतर 1908 च्या मे महिन्यात कलकत्त्याच्या अलीपूर बॉम्ब खटल्यात अरविंदांना अटक झाली. वर्षभर तुरुंग. नऊ फूट लांबीची कोठडी, खिडकी नाही. एक थाळी आणि एक वाटी. शौचाला पाणी त्या वाटीत, तोंड धुवायचं तिच्यात, आंघोळ तिनंच, आणि जेवायच्या वेळी आमटीही तिच्यातच. दुसरी वाटीच नव्हती, श्रोतेहो. या तुरुंगवासामुळे त्यांना रानडे आठवले. ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं, की देव मला इथेच आणणार होता आणि या व्यवस्थेचं क्रौर्य दाखवणार होता, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!