मागच्या सीटखालचा कागद

[दृश्य: गॅरेज, सकाळची वेळ. जुन्या गाडीची मागची सीट बाहेर काढून बाकावर उलटी ठेवली आहे.]

इथे घाई करून चालत नाही. पन्नास वर्षांचा कागद आहे. उंदरांनी कडा कुरतडलेल्या असतात, स्प्रिंगांचा गंज त्यावर उतरलेला असतो, आणि घडीवर जरा जोर पडला की तिथेच तुकडा पडतो. म्हणून आधी स्प्रिंगा बोटांनी फाकवायच्या, कागद खालून अलगद सोडवायचा आणि पुठ्ठ्यावर घ्यायचा. वाचायला गेलात तर त्यावर धड एक वाक्य सापडणार नाही. नुसत्या चौकटी, आणि चौकटींत अक्षरं-आकडे. कारखान्यात गाडी जोडणाऱ्या कामगारांसाठी छापलेली ही यादी: कोणतं इंजिन बसवायचं, कोणता गिअरबॉक्स, रंग कोणता, सीटचं कापड कोणतं. गाडी तयार झाली की याचं काम संपलं. गिऱ्हाइकाच्या हाती तो द्यायचाच नव्हता. स्प्रिंगांत अडकला आणि तिथेच राहिला, इतकंच.

पण अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या या कागदावर ‘ई ७४’ हे कोड निघालं, तर समोरच्या गंजलेल्या सांगाड्याची किंमत कित्येक पटींनी चढते. ई ७४ म्हणजे ४२६ क्युबिक इंचांचं, सात लिटरचं हेमी इंजिन.

एखाद्या जुन्या अमेरिकन मसल कारची पत अशी फाटक्या कागदावर का येऊन ठेपते, हे समजायला साठ वर्षं मागं जावं लागेल. मिशिगन राज्यात, डेट्रॉईटला.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्याची रांग, शोरूमच्या काचेमागची गाडी.]

जानेवारी १९६३. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी हुकूम काढला की कंपनीच्या कुठल्याही विभागानं शर्यतींत उतरायचं नाही. पाँटिॲक विभागाला हे फार लागलं, कारण शर्यतींतल्या नावावरच त्यांच्या गाड्या खपत होत्या. तिथला मुख्य इंजिनिअर होता जॉन डिलोरियन, वय ३८. बिल कॉलिन्स आणि रस गी हे त्याचे सहकारी. मिलफर्डच्या चाचणी मैदानावर टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीचं काम चाललं होतं. तिच्यात ३२६ क्युबिक इंचांचं इंजिन बसत असे. कॉलिन्सनं सहज बोलून दाखवलं की मोठ्या पाँटिॲकमधलं ३८९चं इंजिन बाहेरून अगदी याच मापाचं आहे, त्याच माउंटिंगवर बसेल. बसवून पाहिलं. गाडी सुटली की पाठ सीटला चिकटायला लागली.

अडचण एकच होती. मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. नवी गाडी काढायची तर वरून मंजुरी लागणार. मग त्यांनी नवी गाडी काढलीच नाही. टेम्पेस्ट ल मॉन्स या चालू गाडीच्या जादा सामानाच्या यादीत एक ओळ वाढवली: जीटीओ, सुमारे २९६ डॉलर. जादा सामानाला वरची सही लागत नसे. पाँटिॲकचे प्रमुख पीट एस्टेस यांनी ५,००० गाड्यांपुरता होकार दिला. १९६४च्या त्या पहिल्या वर्षात खपल्या ३२,४५०. दोन वर्षांनी, १९६६ साली, हा आकडा ९६,९४६ झाला. मग वरिष्ठ कशाला बोलतील?

नाव सरळ फेरारीकडून उचललेलं. इटलीत ती तीन अक्षरं शर्यतीसाठी मान्यता मिळालेल्या गाडीला लावत. फेरारीचे चाहते चिडले, आणि त्या चिडण्यानंच जीटीओची जाहिरात झाली.

माझ्या मते मसल कार म्हणजे काय याचं उत्तर या एका ओळीतच आहे. मोठ्या गाडीचं इंजिन, मध्यमवर्गाच्या गाडीचं अंग, आणि कारखान्यात काम करणाऱ्या बावीस-चोवीस वर्षांच्या मुलाला हप्त्यांवर परवडेल अशी किंमत. फोर्डची मस्टँग आणि शेव्हरलेची कॅमॅरो यांना जाणकार वेगळ्या पंगतीत बसवतात, त्यांना पोनी कार म्हणतात. त्यावर अजूनही तासन् तास वाद चालतो. आपण त्या वादात अडकणार नाही, कारण सात लिटरचं इंजिन पोटात घेतल्यावर कॅमॅरोही त्याच जातीची होते.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. या गाड्यांना पिकअप होता, थांबणं नव्हतं. १९६४च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि टायर आजच्या मानानं अरुंद. दोन-चारदा जोरात ब्रेक दाबला की ड्रम तापायचे आणि पेडल दाबूनही गाडी पुढं जात राहायची. त्या काळच्या आठवणी काढताना जी मुलं घरी परत आली नाहीत, त्यांनाही आठवायला हवं.

[दृश्य: वुडवर्ड ॲव्हेन्यू, संध्याकाळ. सिग्नलला शेजारी शेजारी थांबलेल्या दोन गाड्या.]

डेट्रॉईटच्या मधोमध निघून उत्तरेला पाँटिॲक गावापर्यंत जाणारा हा वुडवर्ड ॲव्हेन्यू. १९०९ साली याच रस्त्यावर एक मैल काँक्रीट टाकून पाहिलं गेलं होतं. साठीच्या दशकात रात्री इथल्या सिग्नलवर शर्यती लागायच्या. दिवा हिरवा व्हायचा अवकाश, की पुढच्या सिग्नलपर्यंत हिशेब पूर्ण. कंपन्यांचे इंजिनिअर दिवसा बनवलेली गाडी रात्री इथं आणून आजमावत. रॉयल ओकमधला एक पाँटिॲक डीलर तर गाडी विकतानाच इंजिन आणखी कसून देत असे. आज याच पट्ट्यात, ट्रॉय, नोवी, कँटन या उपनगरांत, गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी घरं बरीच आहेत. १९९५पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तो पाहायला रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या गर्दीत मराठीही कानावर पडतं.

जीटीओचं यश पाहून बाकीचे गप्प बसणार नव्हतेच. क्रायस्लरकडे हेमी होतं. नाव आलं हेमिस्फिअरवरून, कारण सिलिंडरच्या डोक्यावरची पोकळी अर्ध्या गोलासारखी असते. तिच्यात झडपा समोरासमोर, तिरक्या बसतात, म्हणून त्या मोठ्या करता येतात. एका बाजूनं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत, दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर. इंजिन मोकळा श्वास घेतं. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोना ५०० शर्यतीत क्रायस्लरच्याच, हेमीवाल्या प्लिमथ गाड्यांनी पहिले तीनही क्रमांक घेतले, पहिला रिचर्ड पेटी. १९६६पासून हे इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत मिळू लागलं. कागदावर ४२५ हॉर्सपॉवर, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

आणि १९६८चा प्लिमथ रोड रनर! माझी सगळ्यात लाडकी गाडी. किंमत २,९०० डॉलरच्या आत, खाली साधे रबरी मॅट, शोभेचं काही नाही, पण इंजिन दणकट. कार्टूनमधल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी कंपनीनं वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले, हॉर्नही त्या पक्ष्यासारखा बनवून घेतला. पहिल्याच वर्षी जवळपास ४५,००० गाड्या गेल्या.

[दृश्य: छोट्या गावातलं शोरूम. मागच्या पटांगणात धूळ खात उभ्या नव्या गाड्या.]

पण आज ज्या गाड्यांसाठी संग्राहक जीव टाकतात, त्या या खपलेल्या गाड्या नव्हेत. त्या तेव्हा कुणाला नको होत्या.

इलिनॉयमधलं ला हार्प हे लहानसं गाव. तिथला शेव्हरले डीलर फ्रेड गिब शर्यतींचा शौकीन. पूर्ण ॲल्युमिनिअमचं ४२७ क्युबिक इंचांचं इंजिन कॅमॅरोत घालून द्या, अशी मागणी त्यानं केली. त्यासाठी ५० गाड्या घ्याव्या लागतील म्हणाले, त्यानं घेतल्या. किमतीचा कागद हाती आला तेव्हा गाडी ७,२०० डॉलरच्या वर. त्यातले ४,१६० एकट्या इंजिनाचे. तेवढ्या पैशांत त्या काळी दोन चांगल्या कॅमॅरो आल्या असत्या. गाड्या खपेनात. बऱ्याचशा त्याला कंपनीला परत द्याव्या लागल्या, दुसऱ्या डीलरांकडेही त्या रखडल्या. १९६९च्या या झेडएल-वन कॅमॅरो एकूण ६९ बनल्या. आज एकेकीला कित्येक लाख डॉलर मिळतात.

प्लिमथ सुपरबर्डचं तेच झालं. १९७० साली शर्यतीच्या नियमापायी १,९०० हून थोड्या जास्त गाड्या बनवाव्या लागल्या. पुढं लांब चोच, मागं माणसाच्या कमरेच्या वर जाणारा पंख. शर्यतीच्या मैदानावर ती बाणासारखी जायची, पण किराणा आणायला ती कोण नेणार? काही डीलरांनी चोच आणि पंख काढून, साधी रोड रनर करून तिची कशीबशी विल्हेवाट लावली. आज तेच काढून टाकलेले भाग लोक शोधत फिरतात.

अशा नको झालेल्या गाड्यांचं शेवटचं टोक म्हणजे १९७१ची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल. ’कुडा म्हणजे प्लिमथच्या बाराकुडा गाडीचा दणकट अवतार. हेमीसाठी जवळपास ९०० डॉलर जादा, वर छत कापडी. १९७० साली अशा १४ बनल्या, १९७१ साली ११. पुढं काही नाही.

काही नाही, कारण खेळच आटोपला होता. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते इतके वाढवले, की गाडीच्या हप्त्यापेक्षा विम्याचा हप्ता जड व्हायला लागला. ३१ डिसेंबर १९७० रोजी शुद्ध हवेच्या कायद्यावर सही झाली. जनरल मोटर्सनं १९७१च्या गाड्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवलं, कमी शिशाच्या पेट्रोलवर त्या चालाव्यात म्हणून. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, आणि पंपांवर रांगा लागल्या. त्या काळातली शेवटची जीटीओ १९७४ची. त्या वर्षी खपल्या ७,०५८.

त्यानंतर दहा-पंधरा वर्षं या गाड्या म्हणजे शाळकरी पोरांच्या जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या होत्या. इंजिनं उपसून दुसरीकडे बसवली गेली, अंगं कुजली, कागद चुलीत गेले. ती पोरं पुढं पन्नाशीला आली, हातात पैसा आला, आणि तरुणपणी शोरूमच्या काचेतून पाहिलेली गाडी हवीशी वाटू लागली. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला आणि फ्लोरिडातल्या किसिमीला दर जानेवारीत लिलाव भरतात. २००५-०६च्या सुमारास भाव आभाळाला टेकले, २००८च्या मंदीत आपटले, मग पुन्हा चढले. जून २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात त्या अकरांपैकी एक ’कुडा ३५ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दरानं एकवीस कोटी रुपयांच्या आसपास.

[दृश्य: डॅशबोर्डवरची पट्टी, काचेतून. कॅमेरा एकेका अक्षरावर थांबतो.]

भाव असे झाले की खोटेपणा आलाच. साधी बाराकुडा घ्यायची, हेमी बसवायचं, पट्ट्या रंगवायच्या, झाली हेमी ’कुडा. आपल्याकडे जुनी बुलेट घेताना जाणता माणूस आरसी बुक काढून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बोटानं ताडून बघतो. इथंही तेच, फक्त दहापट बारकाईनं.

डॅशबोर्डवरची ही नंबराची पट्टी वाचूया. पहिलं अक्षर बी, म्हणजे बाराकुडा. एस, म्हणजे ’कुडा. २७, कन्व्हर्टिबल. मग आर. हे एक अक्षर सगळं सांगतं: कारखान्यातून निघतानाच हेमी. १, म्हणजे १९७१. मग पुन्हा बी, म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. तोच नंबर अंगावर इतर ठिकाणी आणि इंजिनावरही ठोकलेला हवा.

सगळ्या गाड्या इतक्या सरळ नाहीत. १९६४-६५च्या जीटीओच्या नंबरात जीटीओचा पत्ताच नाही, कारण ती मुळात जादा सामानाची एक ओळ होती. पण पाँटिॲकच्या कारखान्यातल्या नोंदी टिकल्या, त्यांची नक्कल मिळते. फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदीही आहेत. शेव्हरलेवाल्यांचे हाल. १९७०ची ४५४ क्युबिक इंचांची, ४५० हॉर्सपॉवरची शेव्हेल एलएस-सिक्स म्हणजे या काळाचं शिखर, आणि नंबरावरून ती ओळखता येत नाही. मग पेट्रोलची टाकी उतरवायची आणि तिच्या माथ्याला कागद चिकटून राहिलाय का पाहायचं. नाहीतर इंजिनाच्या पुढच्या बाजूची ती अंगठ्याएवढी सपाट जागा भिंगातून बघायची. कारखान्यात ती यंत्रानं कापलेली, म्हणून तिच्यावर केसासारख्या बारीक, समांतर रेघा असतात. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर रेघा पुसलेल्या दिसतात.

नक्कल बनवणं हा गुन्हा नाही, असं मी मनापासून मानतो. कुणाला रोड रनर परवडत नाही, त्यानं साध्या प्लिमथची बनवावी, तशी सांगावी आणि खुशाल फिरवावी. पण जो भिंगाखाली टिकेल असा खोटा नंबर ठोकतो, तो फक्त गिऱ्हाइकाला लुबाडत नाही. अकरा गाड्या बनल्या होत्या ही नोंदच तो खोटी पाडतो. त्या कारखान्यात त्या दिवशी कुणी काय बनवलं, याचा दुसरा साक्षीदार आता उरलेला नाही.

तो हॅमट्रॅमकचा कारखाना, डॉज मेन, १९८० साली बंद झाला आणि पाडला गेला. जवळची वस्ती उठवून जनरल मोटर्सनं त्याच जागी नवा कारखाना उभारला. आज तिथं विजेवरच्या गाड्या बनतात.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. बॉनेट बंद. त्यातल्या भोकातून हवेचा काळा डबा वर आलेला.]

हा डबा बॉनेटला जोडलेला नाही. तो थेट इंजिनावर, कार्बोरेटरांच्या डोक्यावर बसलाय. म्हणून त्याला शेकर म्हणतात. चावी फिरवली. आधी खोकला, मग घरघर. डबा डावी-उजवीकडे डुलतोय. आता ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला, तर सगळा डबा एकदम एका अंगाला कलंडतो, आणि बाकावर पुठ्ठ्यात ठेवलेला तो कागद थरथरतो.

[निवेदन थांबतं. इंजिनाचा आवाज तसाच चालू.]