नवीन व्होल्टेजवालं वेप येणार म्हणून वाट बघालाय? आधी टेबलावरची ही तार बघा

नमस्कार मंडळी, निपाणीवरनं बोलतोय. सध्या इनबॉक्समध्ये एकच विषय चाललाय, दादा ते व्होल्टेज कमीजास्त करायचं नवीन वेप, म्हणजे ई-सिगारेट, येणाराय त्याचा रिव्ह्यू कधी, अनबॉक्सिंग कधी, मागवायचं कुठनं. चिकोडीच्या एका पोराने तर टीझरचा स्क्रीनशॉट काढून खालच्या चकतीभोवती लाल गोल मारून पाठवलाय आणि विचारलंय, "दादा ही चकती फिरवली की आत नेमकं काय होतंय?" आता हा प्रश्न मला आवडला बघा. रिव्ह्यू काय मी करणार नाही, पण चकतीचं उत्तर देतो, कारण ते आपल्या रिपेरीच्या टेबलावरचंच काम हाय.

डिव्हाइसचं नाव घेणार नाही, मुद्दामच. 2019 च्या केंद्राच्या कायद्यात ई-सिगारेट बनवणं, विकणं, बाहेरनं आणणं तर बंद हायच, पण जाहिरातपण बंद हाय, आणि हातात धरून "बघा किती भारी" म्हणून दाखवलं तर त्याला जाहिरात म्हणायला कितीसा वेळ लागतोय. पहिल्यांदा सापडलात तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. कर्नाटकानं तर त्याच्या आधीच, 2016 ला बंदी घातलेली. आता कमेंटमध्ये कोणतरी म्हणणारच की कागलला जाऊन आणतो, नाहीतर चोर्ला घाटातनं गोव्याला. अरे बाबांनो, सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय ते ठीक, पण ह्या एका बाबतीत कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अल्याड आणि पल्याड कायदा एकच हाय.

बरं, कामाचं बोलू. (कॅमेरा टेबलावर)

ही नायक्रोमची तार, वीज दिली की तापणारी. हिला बारीक गुंडाळून कॉइल केलीय, मधनं कापसाची वात घातलीय, साधा मेडिकलचा कापूस. मीटर लावला, हे बघा, 2 ओहम, म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं माप. ई-सिगारेटच्या पोटात हेच असतं, बाकी सगळं डबडं आणि लायटिंग. कापसात एक पातळसर द्रव मुरतो, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटीन, तार तापली की त्याची वाफ होते. मी इथं नुसतं पाणी टाकलंय कारण मला ओढायचं नाहीय, दाखवायचंय.

आता सप्लाय लावतो, 3.3 व्होल्ट. थांबा... हां, बारीक वाफ सुटली बघा, कडेनं कापूस ओला हाय. वॅट, म्हणजे तार किती जोरात तापते ते, काढायचं गणित दहावीतलंच, व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. 3.3 चा वर्ग 10.89, भागिले 2, म्हणजे साधारण साडेपाच वॅट. आता चकती फिरवली असं समजा, 4.8 करतो. 4.8 चा वर्ग 23.04, भागिले 2, साडेअकरा वॅट. व्होल्टेज दीडपटसुद्धा झालं नाही आणि उष्णता दुपटीच्या वर गेली. टीझरमध्ये आकडा किती सावकाश चढताना दाखवलाय, 3.6, 3.8, 4.0, जसं काय आवाज वाढवालोय. आत तसं होत नाही, वर्ग हाय तो.

आणि नुसत्या व्होल्टच्या आकड्याला तसा काय अर्थच नाही हे पण ऐका. ही दुसरी कॉइल, 1.2 ओहमची. 4.2 व्होल्ट दिलं तर पहिलीत पावणेनऊ वॅट होतात, हिच्यात जवळजवळ पंधरा. आकडा तोच, आग वेगळी. म्हणून परदेशातली जुनी जाणती मंडळी व्होल्ट विचारत नाहीत, वॅट विचारतात, आणि पुढं बाजारातपण व्हेरिएबल वॅटेजच आलं, म्हणजे आतली चिप कॉइलचे ओहम मोजते आणि व्होल्टेज आपलं आपण ठरवते. तेव्हा "व्होल्टेज ॲडजस्ट होतंय" ही 2026 ची क्रांती वगैरे म्हणून कोण सांगत असेल तर हसा फक्त. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच पेनासारख्या बॅटरीच्या बुडाला 3.2 ते 4.8 ची चकती होती की.

मग लोक तेव्हा ह्या चकतीसाठी एवढे का तरसायचे, ते कारण खरं होतं हां. लिथियमचा सेल भरलेला असतो तेव्हा 4.2 व्होल्ट, वापरेल तसा उतरत 3.7, मग 3.3, मग बंद. साध्या बॅटरीत सेलचं व्होल्टेज उतरलं की तार कमी तापते, वाफ पातळ होते, सकाळी चव वेगळी आणि संध्याकाळी वेगळी. त्यावर लोकांनी जुगाड काय केला, तीन-तीन व्होल्टचे दोन छोटे सेल एकावर एक ठेवून सहा व्होल्ट काढायचे. त्यातला एक सेल भरलेला आणि एक अर्धा निघाला की कमजोर सेलवर सगळा ताण यायचा, नळकांडं बंदिस्त, सेलमधला गॅस जायला जागा नाही, आणि ते फुटायचं. तोंडासमोर धरायची वस्तू ही! म्हणून एकाच सेलवर सर्किटनं व्होल्टेज वर चढवायचं आणि सेल उतरला तरी ते तिथंच धरून ठेवायचं, असं यंत्र आलं तेव्हा लोक नाचले असतील तर मला नवल वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक्स म्हणून ते काम खरंच चांगलं हाय.

आत्ताच परत एवढी हवा का झालीय, तर माझ्या मते त्याचं कारण इंग्लंडात हाय. तिथं 1 जून 2025 पासून वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली, मग कंपन्यांना परत भरायची, परत चार्ज करायची वस्तू विकणं भाग पडलं, आणि तीच जुनी चकती नवीन रंगात पुढं आली. तिथल्या कोणाच्यातरी भावानं स्टेटसला ठेवलं, ते फिरत फिरत चिकोडीपर्यंत पोचलं.

आता टेबलाकडं परत या, इकडं बघा काय झालं बोलता बोलता. 4.8 वर ठेवलंय आणि कापूस मधे वाळला. पाणी जेवढं येतंय त्यापेक्षा तार जास्त उडवालीय. हा तपकिरी डाग दिसतोय? आता कडा काळी पडली... वास यायला लागला, बंद करतो. परदेशात ह्याला ड्राय पफ म्हणतात. पाणी असेपर्यंत तार पाण्याच्या हिशोबात असते, पाणी संपलं की तापमान सरळ वर जातं आणि मग कापूस जळतो. वेपच्या द्रवाचं पण तसंच, फक्त तिथं जळलेलं तुमच्या छातीत जातं. 2015 ला अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं होतं की 3.3 व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइड (कॅन्सरला कारण ठरणारं रसायन) सोडणारे पदार्थ सापडले नाहीत, 5 व्होल्टवर सापडले. त्यावर लगेच भांडण झालं, दुसरे शास्त्रज्ञ म्हणाले 5 व्होल्टला ती कॉइल कोरडीच पडणार, एवढी कडू वाफ माणूस ओढूच शकत नाही. दोघांचं म्हणणं ऐकून मला तरी एवढंच दिसतं की आकडा कुठवर चढवायचा हे कॉइल, कापूस आणि द्रव ठरवतो, आणि चकतीला ह्यातलं काहीच ठाऊक नसतं.

अजून एक, हे कुठल्याच टीझरमध्ये सांगत नाहीत. इंग्लंडात द्रवात निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पण ही मर्यादा बाटलीवरची. चकती वर केली की एका झुरक्यात जास्त द्रव उडतो, म्हणजे निकोटीनपण जास्त येतं, बाटलीवर आकडा तोच असला तरी.

"पण दादा यात तंबाखू नाही, नुसती वाफ हाय" असं निपाणीत राहून म्हणणारी पोरं मला भेटतात तेव्हा डोकं हलतं माझं. वखारीच्या बोळातनं गेलं की नाक चुरचुरतं, चाळायला बसलेल्या बायकांनी पदर नाकावर घट्ट बांधलेला असतो, तंबाखूच्या भावासाठी 1981 ला शरद जोशींच्या मागं शेतकरी इथं हायवेवर बसले आणि त्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, अशा गावात जन्मून निकोटीन कुठनं येतं हे माहीत नसावं? त्या बाटलीतलं निकोटीन बहुतेक तंबाखूच्याच पानातनं काढलेलं असतं. नुसतं गाळून, वास लावून आलेलं.

दुबईचा मामा बॅगेतनं आणतोय म्हणणाऱ्यांनो, आयातच बंद हाय, कस्टमनं काढून घेतलं तर मामाला विमानतळावर काय वाटेल ते तुम्हीच बघा. आणि गणपत गल्लीत अमक्याकडं गुपचूप मिळतं असं कमेंटमध्ये लिहू नका, मी डिलीट करणार, साठा ठेवणाऱ्याला वेगळी शिक्षा हाय, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, उगाच कुणाच्या पोटावर पाय.

चिकोडीच्या दोस्ता, तुझा प्रश्न मात्र वाया नाही जायचा. एका सेलच्या 3.7 मधनं जास्त व्होल्ट काढायची जी करामत त्या चकतीखाली असते, तीच तुझ्या पॉवर बँकमध्ये असते, 3.7 चे 5 करून मोबाईलला देते. एक मेलेली पॉवर बँक आलीय दुकानात, पुढच्या व्हिडिओत ती उघडून कॉइल, मॉस्फेट, डायोड सगळं एकेक दाखवतो. तोवर ह्या जळक्या कापसाचा वास घालवायला खिडकी उघडतो.