पाच पुसट ठिपक्यांची रात्र

ही बारा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण. जीपमधून उतरवायलाच तिघं लागले. आता लगेच डोळा लावायचा नाही, आधी आरसा गार होऊ द्यायचा, तासभर तरी, नाहीतर चित्र थरथरत राहतं. टॉर्च लाल आहे कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की अंधाराला सरावायला परत अर्धा तास जातो, म्हणून मोबाईल सगळ्यांचे खिशात.

वर बघा, भाद्रपदांचा मोठा चौकोन. पूर्वा भाद्रपदातला उत्तरेकडचा तारा पकडायचा, तिथून शेजारच्या ताऱ्यावर, मग उत्तरेकडे साधारण साडेचार अंश सरकलं की एनजीसी ७३३१ ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, येते, लांबट धुरकट रेघेसारखी. ती सापडली की निम्मं काम झालं. आता फक्त अर्धा अंश, पौर्णिमेच्या चंद्राएवढं अंतर, आणि तिथे सरळ बघायचं नाही, थोडं बाजूला बघायचं, डोळ्याच्या कडेला पुसट वस्तू जास्त चांगल्या दिसतात. आणि मग हळूच, बोटाने पुसलेल्या खडूसारखं काहीतरी उमटतं.

हेच स्टेफान्स क्विंटेट, दिसायला पाच दीर्घिकांचा घोळका. १८७७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या वेधशाळेत एदुआर्द स्टेफान यांनी ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शोधलेलं.

आणि हा जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा फोटो, जुलै २०२२ चा, जवळपास हजार फोटो जोडून केलेला. पाचपैकी डावीकडची ही मोठी दीर्घिका खरं तर या घरातली नाहीच, ती ४ कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या चार २९ कोटींवर, फक्त एका रेषेत आल्यात. त्या चौघींतली एक सेकंदाला ८०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने बाकीच्यांमध्ये घुसतेय, त्या धडकेने वायू तापतोय, आणि ही जी लांबलचक पट्टी दिसतेय ती त्याच धक्क्याची लाट, आपल्या आख्ख्या आकाशगंगेहून लांब. हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनासोरसुद्धा यायचे होते.

क्षितिजावरचा हा पिवळा फुगवटा म्हणजे तालुक्याचं गाव, चाळीस किलोमीटर लांब. दिव्यांना वरून झाकण असतं तर एवढा उजेड वर आलाच नसता. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, म्हणजे जमतं, करायचं ठरवलं की जमतं.

ही शेतमालक काकांची नात. स्टुलावर उभी राहिली तेव्हा कुठे आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, पोचली. किती दिसतात विचारलं तर म्हणाली, तीन. थोडं बाजूला बघ म्हटलं.

बराच वेळ काही बोललीच नाही.

मग म्हणाली, चार.