झ्युल्टला जाणारी गाडी

(दृश्य: पहाट. निब्युल स्टेशन. फलाटावर गर्दी.)

उत्तर जर्मनीचं अगदी वरचं टोक, डेन्मार्कच्या सीमेलगतचं निब्युल. फलाटावर सुतार आहेत, नर्स आहेत, हॉटेलांतले आचारी आहेत. सगळे निघालेत झ्युल्ट बेटावर कामाला. तिथली घरं इतकी महाग, की बेटावर राबणाऱ्यांना बेटावर राहणं परवडत नाही. आणि बेटाला रस्ता नाही. जमिनीवरून जायचं तर ही एवढी एकच रेल्वे.

हिचं नाव मार्शबान. मार्श म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली सखल जमीन, कोकणातल्या खाजणासारखी. हॅम्बुर्गमधल्या आल्टोनापासून झ्युल्टवरच्या वेस्टरलँडपर्यंत सुमारे २३७ किलोमीटर.

पहिला तुकडा १८४५ चा. एल्म्सहॉर्नपासून एल्ब नदीवरच्या ग्लुकश्टाट बंदरापर्यंत. तेव्हा इथं डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता; पुढं हा मुलूख जर्मनीकडे आला. १८५७ मध्ये रूळ इट्सेहोला पोचले आणि पुढची वीस वर्षं तिथंच अडले. मग हायडे, हूझुम, आणि १८८७ मध्ये टॉन्डर.

(दृश्य: होखडोनचा पूल. खालून मालवाहू जहाज जातंय.)

वाटेत उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र जोडणारा कील कालवा आडवा येतो. आधी इथं फिरता पूल होता. जहाज आलं की गाडीनं थांबायचं. कालवा रुंद झाला, जहाजं वाढली, तेव्हा रेल्वेलाच वर उचलावं लागलं. १९२० चा हा पोलादी पूल दोन किलोमीटरहून लांब आहे, पाण्यापासून ४२ मीटर उंच.

त्याच १९२० सालानं या मार्गाचं नशीब पालटलं. पहिल्या महायुद्धानंतर इथं सार्वमत झालं आणि उत्तरेचा पट्टा डेन्मार्ककडे गेला. टॉन्डर गेलं, आणि झ्युल्टची बोट जिथून सुटायची ते हॉयर बंदरही गेलं. बेट जर्मनीचं, धक्का डेन्मार्कचा! आपल्याच देशातल्या बेटावर जायला लोकांना परक्या मुलखातून जावं लागू लागलं. पुढं तडजोड झाली. मोहरबंद डब्यांतून, म्हणजे वाटेत डेन्मार्कमध्ये न उतरता, प्रवास सुरू झाला.

किनाऱ्यापासून झ्युल्टपर्यंत समुद्रात बांध घालून त्यावरून रेल्वे न्यायची कल्पना जुनीच होती. आता इलाज उरला नाही. १९२३ मध्ये काम सुरू झालं आणि ३० ऑगस्टच्या वादळानं केलेलं सगळं धुऊन नेलं. लोकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन्ही बाजूंनी भिंती ठोकायच्या, मधे वाळू आणि माती भरायची, उतारावर दगड बसवायचे, तेही भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून. मला या सगळ्या इतिहासात ही चार वर्षं सर्वांत मोठी वाटतात. १ जून १९२७ ला अकरा किलोमीटरचा बांध खुला झाला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग पहिल्या गाडीनं आले आणि बांधाला त्यांचं नाव मिळालं. याच हिंडेनबुर्गनी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर नेमलं. ते नाव आज अनेकांना खुपतं, आणि ते खुपायलाच हवं.

(दृश्य: खिडकीतून बांध. ओहोटी.)

गाडी बांधावर येते. ओहोटी असेल तर दोन्हीकडे नुसता चकाकता चिखल, त्यात टिपणारे पक्षी. भरती असेल तर दगडांपर्यंत पाणी, जणू गाडी समुद्रावरूनच चाललीय. शेजारच्या रुळावरून दुमजली वाघिणी जातात. त्यांवर मोटारी चढवलेल्या असतात आणि माणसं आपापल्या मोटारीतच बसलेली.

२०१४ पासून बेटावरच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग बंद आहे. झ्युल्टच्या बायकांना बाळंतपणासाठी आता बेट सोडावं लागतं. दिवस भरत आले, की आधीच पलीकडे जाऊन राहायचं.

बांधावर १९७२ पासून दुहेरी रूळ आहेत. निब्युल ते क्लांक्सब्युल, म्हणजे बांधाआधीचं शेवटचं स्टेशन, हा तुकडा मात्र अजून एकेरी. म्हणून फलाटावरची ही माणसं रोज समोरच्या गाडीची वाट पाहत थांबतात. ती येते, धडधडत निघून जाते. मग यांचा सिग्नल हिरवा होतो.