जुना सिनेमा, नवा टीव्ही आणि घाईचा निकाल

नमस्कार श्रोतेहो.

जुना भयपट किंवा मारधाडपट सहज लावून पाहिलेल्या माणसाला "कसा वाटला?" म्हणून विचारलं, की उत्तरं बहुतेक ठरलेली येतात. 'सगळं खोटं खोटं वाटतं.' 'नुसता अंधार, काही दिसतच नाही.' 'फार संथ आहे बुवा.' 'घाबरायचं सोडून हसूच आलं.' ही मतं चुकीची म्हणता येत नाहीत, कारण माणूस त्याला जे दिसलं तेच सांगतो. प्रश्न इतकाच, की दिसलं ते नेमकं काय होतं? थिएटरच्या पडद्यासाठी बनवलेला सिनेमा, की कडा कापलेली, वेग बदललेली आणि घरच्या टीव्हीनं वरून इस्त्री फिरवलेली त्याची नक्कल? अनेकदा निकाल सिनेमाच्या नावावर लागतो आणि गुन्हा असतो प्रिंटचा, नाहीतर रिमोटचा.

पहिला शेरा घेऊ: 'सिरियलसारखं दिसतं, खोटं वाटतं.' बोलपट सेकंदाला 24 फ्रेमनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चालतो. आजचे बहुतेक टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेनं नवी चित्रं रचून भरतात, म्हणजे हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत दिसावी. क्रिकेट पाहायला हे बरं. जुन्या हाणामारीला मात्र ते मारक ठरतं. 24 फ्रेममध्ये जी किंचित पुसट हालचाल असते, तिच्यात ठोसा आणि जबडा यांच्यातलं वीतभर अंतर लपलेलं असतं. टीव्हीनं ती हालचाल धुऊन-पुसून स्वच्छ केली की सेट प्लायवुडचा दिसतो, मुखवटा रबराचा दिसतो आणि ठोसा हवेत गेलेला दिसतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पिक्चर सेटिंगमध्ये जा आणि 'मोशन' हा शब्द शोधा. कंपनीनुसार त्याला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी वेगवेगळी नावं आहेत. तो बंद करा. मग शार्पनेस कमी करत आणा. माणसांच्या कडेनं दिसणारी पांढरी रेघ गेली की थांबा. नॉइज रिडक्शनही बंद करा. जुन्या फिल्मवर दिसणारे बारीक हलते कण म्हणजे घाण नव्हे, तो फिल्मचाच पोत आहे. ते पुसले की नटांचे चेहरे मेणाचे होतात. काही टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' असतो, तो हे सगळं एका बटणात करतो. हा मोड लावल्यावर चित्र आधी पिवळट आणि मंद वाटेल. दहा मिनिटं कळ काढा, डोळे सरावतात.

दुसरा शेरा अंधाराचा. भयपटात अंधार म्हणजे निम्मं नेपथ्य. तो नीट लावायची सोपी रीत सांगतो. खोलीतले दिवे मालवा. ज्या सिनेमात वर-खाली काळ्या पट्ट्या येतात असा एखादा लावा आणि रात्रीच्या प्रसंगावर थांबवा. आता ब्लॅक लेव्हल, म्हणजे जुन्या टीव्हीवरचं 'ब्राइटनेस', वाढवत न्या. पट्ट्या करड्या दिसू लागतील. मग एकेक घर कमी करत या आणि पट्ट्या पुन्हा पुरत्या काळ्या झाल्या की हात थांबवा. त्याहून खाली गेलात तर कोपऱ्यात उभा असलेला माणूसच पुसला जाईल. नव्या काही टीव्हींवर 'ब्राइटनेस' म्हणजे पडद्यामागचा उजेड असतो; तो वाढवून अंधारातलं काही उलगडत नाही, फक्त डोळे दुखतात.

आणि कोपऱ्यात माणूस उभा असतोच. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'मध्ये (1978) चित्राची रुंदी उंचीच्या 2.35 पट आहे. खुनी बऱ्याचदा मधोमध येत नाही. तो कडेला, पाठीमागे, झुडपाशी नुसता उभा असतो. मुलगी इकडे बोलत असते आणि प्रेक्षकाचा जीव तिकडे टांगणीला लागलेला असतो. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी हाच सिनेमा भरून दाखवायचा, तर दोन्ही कडा मिळून सुमारे 43 टक्के चित्र कापावं लागतं. म्हणजे कधी तो खुनीच कापला जातो. मग प्रेक्षक म्हणतो, 'अर्धा तास काही घडतच नाही.' बरोबर आहे त्याचं. घडत होतं ते फ्रेमच्या बाहेर राहिलं. म्हणून काळ्या पट्ट्या आल्या की 'झूम' दाबू नका. उलटही होतं. जुना चौकोनी सिनेमा रुंद टीव्हीवर ताणला जातो आणि सगळे नट जाडे दिसतात. पारख करायला घड्याळ, गाडीचं चाक किंवा पूर्णचंद्र पाहा. तो गोल नसेल तर आकार चुकलाय.

तिसरा शेरा: 'प्रिंट इतकी घाणेरडी, की स्वस्तातला सिनेमा वाटतो.' याचं सर्वांत ठळक उदाहरण 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968). वितरकानं सिनेमाचं आधीचं नाव बदललं, तेव्हा नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची सूचनाही निघून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानं सिनेमा तिथं सार्वजनिक मालकीचा झाला आणि वाटेल त्यानं वाटेल तशी प्रत काढली. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला तो हा राखाडी चिखल. मूळ निगेटिव्हवरून केलेली नवी प्रत 2016 साली दाखवली गेली. तिच्यात शेतघराच्या भिंती, खिडकीला ठोकलेल्या फळ्या, सावल्यांच्या धारा, सगळं स्वच्छ दिसतं. रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेट सिरपही दिसतं, पण कृष्णधवल चित्रात ते रक्ताहून रक्तासारखं वाटतं.

मूकपटांचे हाल याहून वाईट झाले. 'नोस्फेराटू' (1922) पाहून बरेच जण हसतात, कारण पिशाच भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून फिरतं! मुळात ती रात्र आहे. चित्रण दिवसा झालं आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवली गेली. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवा किंवा दिवस, गुलाबी म्हणजे पहाट, ही तेव्हाच्या प्रेक्षकांना ठाऊक असलेली खूण होती. पुढं नुसत्या कृष्णधवल प्रती निघाल्या, रंग गेले आणि रात्रीचा दिवस झाला. सूर्यप्रकाशानं मरणारं पिशाच उन्हात हिंडतंय म्हटल्यावर कोण घाबरणार? त्यात वेगाची भर. मूकपट बहुधा 24 पेक्षा कमी वेगानं चित्रित होत. 18 फ्रेमनं काढलेली फिल्म 24 नं चालवली तर हालचालीचा वेग एक तृतीयांशानं वाढतो आणि माणसं टुणटुण चालू लागतात. असं दिसलं तर ती प्रत बाजूला ठेवा आणि रंग दिलेली, वेग सांभाळलेली प्रत शोधा.

आता 'तार दिसते' ही तक्रार. इथं मामला मजेशीर आहे, कारण इथं दोष अतिस्वच्छ प्रतीचा. थिएटरात जाणारी प्रिंट मूळ निगेटिव्हपासून बहुधा दोन-तीन पिढ्या दूर असे आणि प्रत्येक पिढीला बारकावा थोडा बोथट होई. कसबी लोक हे हिशेबात धरूनच तारा लावत. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'मधली (1953) मंगळावरची यानं तारांवर टांगलेली आहेत. टेक्निकलर प्रिंटवर त्या तारा मुरून जात. पुढच्या, जास्त उजळ प्रतींवर त्या लखलखू लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक हसले. अलीकडच्या दुरुस्तीत तारा पुसून टाकल्या, तेव्हा काही जाणकारांनी कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या मते पुसल्या ते ठीकच. ज्यानं त्या लावल्या त्याला त्या दिसायला नकोच होत्या.

'किंग काँग'चे (1933) केस मात्र कुणी पुसू नयेत. तो राक्षस म्हणजे सांध्यांचा सांगाडा आणि वर सशाची फर लावलेली सुमारे दीड फुटाची बाहुली. विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी बाहुली केसभर हलवायचे, एक फ्रेम घ्यायचे, पुन्हा हलवायचे. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे 24 वेळा. दर वेळी बोटांनी फर दबायची, म्हणून काँगच्या अंगावरचे केस सतत सळसळताना दिसतात. ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो 'खोटं', ज्याला ठाऊक आहे त्याला तिथं माणसाची बोटं दिसतात. रे हॅरीहाउझेननं 'जेसन अँड द आर्गोनॉट्‌स'मध्ये (1963) सात सांगाडे तीन माणसांशी लढवले. काही मिनिटांच्या त्या प्रसंगाला चार महिन्यांहून जास्त लागले. दिवसाला सरासरी तेराच फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्ध्या सेकंदाचं चित्र.

'रबरी वाटतं' म्हणणाऱ्यांना 'द थिंग'मधला (1982) एक प्रसंग पुन्हा पाहायला सांगावं. डॉक्टर रुग्णाच्या छातीला विजेचे झटके देतो, छातीचा जबडा होऊन उघडतो आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडतो. त्या शॉटसाठी खरोखरच दोन्ही हात नसलेला माणूस घेतला, त्याला नटाच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवला आणि खोटे हात लावले. आत मेणाची हाडं, रबराच्या शिरा आणि जेली. रॉब बॉटिन हे काम करत होता तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. पाहायचं असेल तर उजेड पाहा: नटावर पडलेला प्रकाश आणि त्या जबड्यावर पडलेला प्रकाश एकच आहे, ओलसर चमकही तीच. संगणकानं नंतर चिकटवलेल्या राक्षसाचं बिंग बहुतेक वेळा इथंच फुटतं. हा सिनेमा 'ई.टी.'नंतर दोनच आठवड्यांनी, 'ब्लेड रनर'च्याच दिवशी आला आणि धंद्यात साफ झोपला. कल्ट, म्हणजे वेड्या चाहत्यांचा लाडका, झाला तो पुढं व्हिडिओ कॅसेटवर.

मारधाडीकडे वळू. 'पळवलंय' ही शंका काही वेळा रास्त असते. कॅमेरा 22 फ्रेमवर चालवून काढलेली मारामारी 24 वर दाखवली की नऊ टक्के वेग फुकट मिळतो. ओळखायचं कसं? पार्श्वभूमी पाहा. धूळ, पडदे, पाणी आणि मागून चालणारी माणसं घाईत दिसली की समजावं. एकच शॉट पुन्हा दिसला तर मात्र लगेच एडिटरला बोल लावू नका. जॅकी चॅनच्या 'पोलीस स्टोरी'मध्ये (1985) तो मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून घसरत खाली येतो आणि ते तीनदा दाखवलंय, तीन कोनांतून. हेतू एकच: उडी खरी होती याचा पुरावा. 'बुलिट'च्या (1968) पाठलागात तीच हिरवी छोटी गाडी पुन्हा पुन्हा मागं टाकली जाते आणि खलनायकांच्या गाडीच्या चारपेक्षा जास्त व्हील कॅप उडतात. ही मात्र चूकच. एकच फेरी अनेक कॅमेऱ्यांनी टिपून लांबवली की असं होतं. चुकीसकट तो पाठलाग उत्तम आहे, कारण खरा पाठलाग सुरू होताच संगीत थांबतं आणि उरतात फक्त इंजिनं.

डबिंगचं थोडक्यात. 'मॅड मॅक्स' (1979) अमेरिकेत पहिल्यांदा लागला तेव्हा ऑस्ट्रेलियन आवाज काढून त्यावर अमेरिकन आवाज चढवले होते. संवाद कृत्रिम वाटले तर भाषेच्या यादीत मूळ ट्रॅक शोधा. साठ-सत्तरच्या दशकातल्या इटालियन भयपटांची गोष्ट वेगळी. तिथं आवाज बहुधा नंतरच भरत आणि नट आपापल्या भाषेत बोलत. तेव्हा ओठ कुठल्याच ट्रॅकवर पुरते जुळणार नाहीत.

राहिला 'कथा तुटक आहे' हा शेरा. इथं आधी मिनिटं मोजा. 'द विकर मॅन' (1973) थिएटरात सुमारे 87 मिनिटांचा लागला, लांब आवृत्ती 99 ची आहे. पण एक मेख आहे. युरोपीय पद्धतीचे जुने टीव्ही आणि डीव्हीडी सेकंदाला 25 फ्रेम चालवतात, त्यामुळं सिनेमा चार टक्क्यांनी आखडतो आणि आवाज किंचित चढतो. 99 ची तीच आवृत्ती तिथं 95 मिनिटांत संपते, एकही शॉट न कापता. म्हणून मिनिटं कमी भरली तर आधी 25 नं गुणा, 24 नं भागा आणि मगच कात्रीला शिव्या द्या. शेवटही तपासा. 'ब्लेड रनर' 1982 साली निवेदन आणि गोड शेवटासह आला; 1992 आणि 2007 च्या आवृत्त्यांत दोन्ही नाहीत. 'शोले'च्या (1975) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, सेन्सॉरच्या आक्षेपानंतर तिथं पोलीस मध्ये पडले. दोन माणसं दोन वेगळे सिनेमे पाहून एकाच नावावरून भांडत असतात, असं यामुळं होतं.

हे सगळं करूनही काही सिनेमे वाचत नाहीत, हेही सांगायला हवं. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' घ्या. त्यातला नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारला. दिग्दर्शक एड वुडकडे त्याची काही मिनिटांचीच फिल्म होती. उरलेल्या प्रसंगांत त्यानं आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणके बसवणाऱ्या वैद्याला, उभं केलं. तो लुगोसीहून उंच, म्हणून झगा तोंडावर धरून चालतो. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. मोशन बंद करा, ब्लॅक लेव्हल लावा, हवी ती प्रत आणा. इथं निळा रंग उडालेला नाही, तो कधी दिलेलाच नव्हता.