कूलर, तंबोरा आणि ५८० व्होल्ट

(दृश्य : महाल, दुपारचे दोन. गल्ली रिकामी. वरच्या खोलीत एक टेबल, टेबलावर झाकण काढलेला अँप्लिफायर.)

मे महिना, बाहेर ४५ डिग्री. नागपुरात या वेळेला रस्त्यावर दोनच माणसं दिसतात, एक रसवंतीवाला आणि दुसरा ज्याला खरंच काम आहे तो. मी दुसऱ्यातला असं मला वाटायचं, पण आई म्हणते जुने हेडफोन उघडत बसणं याला काम म्हणत नाहीत.

तर हा तो हेडफोन. हातात घेतला तर हलका, कप चौकोनी, वायर पट्टीसारखी चपटी, आणि पिन बघा, आपली नेहमीची नाही, पाच पायांचा हा एवढा प्लग आहे. मोबाईलला लागत नाही, लॅपटॉपला लागत नाही, याला याचा वेगळा अँप्लिफायरच लागतो आणि तो नसला तर हा डोक्यावरचा नुसता पट्टा. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात याला.

साध्या हेडफोनमध्ये चुंबक असतं, तांब्याची कॉइल असते, कॉइलला चिकटलेला पडदा असतो. इथे चुंबकही नाही आणि कॉइलही नाही. शाळेत कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलले असतील ना, तोच प्रकार. दोन भोकाभोकांच्या जाळ्या, आणि दोन्हींच्या मधोमध ताणून बसवलेला प्लास्टिकचा पडदा, दोन्ही बाजूला जागा किती तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पडद्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि संक्रांतीला आपण जे चकचकीत प्लास्टिकचे पतंग उडवतो ते याच्यासमोर गोधडी. या पडद्यावर ५८० व्होल्टचा कायमचा चार्ज ठेवतात, त्याला बायस म्हणायचं, आणि गाण्याचा सिग्नल जातो जाळ्यांवर, एकीवर सुलटा दुसरीवर उलटा, म्हणजे एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते आणि पडदा अख्खाच्या अख्खा हलतो. वजन जवळपास नाहीच, म्हणून आवाज असा येतो की तबल्यावर बोट पडलं की पडलं आणि उचललं की उचललं.

(दृश्य : प्लगच्या पाच पिना, जवळून.)

हे काही काल-परवाचं नाही. जपानच्या स्टॅक्सने पहिला असा हेडफोन, एसआर-वन, १९६० साली विकायला काढला, आणि ते लोक याला हेडफोन म्हणतच नाहीत, इअरस्पीकर म्हणतात. आधी बायस २३० व्होल्टचा होता आणि पिना सहा, नंतर ५८० व्होल्ट आला आणि पिना पाच झाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या कॉसने ईएसपी-सिक्स काढला, आणि १९९१ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने ऑर्फियस, त्याचे फक्त ३०० सेट निघाले. ते आपल्या बापजन्मात बघायला मिळणार नाहीत, सोडा.

धरमपेठेतले एक काका आहेत. रिटायर्ड, बँकेत होते. त्यांनी हा सेट सेकंड हँड जपानहून मागवला, अँप्लिफायरसकट. कंपनीचं नाव मी सांगत नाही कारण चूक कंपनीची नव्हतीच, पुढे कळेल. एके दिवशी पिशवीत गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, "बाबू, उजवा कान बसून राहिला रे. सकाळी चांगला असते, दुपारी बसते."

मी म्हटलं, काका, कान तुमचा का हेडफोनचा?

(दृश्य : फ्यूज होल्डर, टॉर्चच्या उजेडात.)

आता आपली खोड अशी की पेशंट आला रे आला की पोट फाडायचं. मीही तेच केलं. अँप्लिफायर उघडला. आणि खरं सांगतो, आत बिघाड सापडायला वेळ लागला नाही, कारण फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. जुन्या मालकाची करामत का मधल्या कुणा मेकॅनिकची, देव जाणे. जपानमध्ये लाईट १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०, म्हणून काकांनी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला होता, चांगलं केलं, पण तो होता ११० व्होल्टचा, बाजारात सरसकट तोच मिळतो. त्यात आमच्याकडे रात्री लोड कमी झाला की लाईन २४५ पर्यंत चढते, म्हणजे ११० वाल्यातून निघणार ११७, आणि मशीन बनलंय १०० साठी. बिचारं महिनोन्‌महिने १० ते १७ टक्के जास्त खात होतं, हात ठेवला तर चटका बसायचा. आणि तारेचा फ्यूज म्हणजे उद्या काही शॉर्ट झालं तर आधी ट्रान्सफॉर्मर जळेल, मग घर, तार शाबूत.

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून बरोबर रेटिंगचा फ्यूज आणला, १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर एका वाइंडिंगवाल्याकडून बांधून घेतला. दोन कंडेन्सर फुगलेले होते, कपॅसिटर म्हणा हवं तर, बर्डीत कुणी म्हणत नाही, ते बदलले.

मग ऑफसेट. अँप्लिफायर अर्धा तास गरम होऊ द्यायचा, इनपुटला काही जोडायचं नाही, आणि प्रत्येक चॅनलच्या प्लस-मायनस दोन जाळ्यांमध्ये डीसी किती आहे ते मीटरने बघायचं. शून्याच्या जवळ पाहिजे. माझ्याकडे ३८ व्होल्ट निघाले. तेवढा फरक राहिला तर पडदा एका जाळीकडे ओढलेलाच बसतो. आत छोटे प्रीसेट असतात, म्हणजे फिरवून जुळवायचे स्क्रू, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचे, थांबायचं, पुन्हा बघायचं, घाई केली की दुसरीकडचं हलते.

आणि हे करताना एक हात खिशात. नाटक नाही हे. हेडफोनकडे जाणाऱ्या बायसला आत मोठा रेझिस्टर असतो, साधारण ५ मेगओहम, त्यामुळे सरळ शॉर्ट केला तरी करंट ०.११६ मिलिअँपच्या वर जात नाही, म्हणून कानाशी ५८० व्होल्ट असूनही माणूस गाणं ऐकत बसतो. पण अँप्लिफायरच्या आतली मेन सप्लाय तीन-चारशे व्होल्टची असते आणि तिला असा रेझिस्टर नाही, स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती बसून असते. रेझिस्टर लावून रिकामी करा, मीटरने खात्री करा, मगच बोट घाला. ज्याला हे वाचून थोडी भीती वाटली त्याने झाकण लावूनच ठेवलेलं बरं.

सगळं झालं, ऑफसेट दीड व्होल्टवर आला, मी खूश. काकांना फोन, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन, "बाबू, बसला."

(दृश्य : मीटरचा डिस्प्ले, आकडा ३८७.)

आता मात्र मी डोकं लावलं, जे पहिल्या दिवशी लावायला पाहिजे होतं. काकांना फोनवरच सांगून इनपुटच्या दोन वायरी, लाल आणि पांढरी, उलटसुलट करायला लावल्या. कमी आवाज डावीकडे गेला असता तर दोष गाण्याच्या यंत्रात नाहीतर वायरीत, नाही गेला, उजवीकडेच राहिला. म्हणजे अँप्लिफायर किंवा हेडफोन. सेट परत माझ्या टेबलावर आला. एक हजार हर्ट्झचा टोन लावला आणि सॉकेटवर दोन्ही चॅनलचा एसी व्होल्टेज मोजला. हे हेडफोन व्होल्टच्या बाबतीत राक्षस आहेत, १०० व्होल्ट द्याल तेव्हा १०१ डेसिबल, साधा हेडफोन इतक्यात धूर होऊन जाईल. दोन्हीकडे आकडा सारखा. अँप्लिफायर सुटला.

मग बायस मोजला आणि माझे पाय गळाले, कारण ५८० च्या जागी ३८७. म्हटलं सापडलं, बायस पडला. बायसचे डायोड-कंडेन्सर काढायला सोल्डरिंग गन गरमसुद्धा केली. आणि मग आठवलं की माझं मीटरच १० मेगओहमचं आहे. बायसच्या रस्त्यात आधीच ५ मेगओहम बसलेला, त्याच्यापुढे मी १० मेगओहम जमिनीला जोडला, म्हणजे ५८० चे तीन वाटे झाले, एक आतल्या रेझिस्टरवर पडला, दोन माझ्या मीटरला दिसले. ५८० भागिले १५ गुणिले १०, बरोबर ३८७. बायस ठणठणीत होता, मी मोजायला हात लावला म्हणून तो वाकला. आजपर्यंत किती जणांनी हा आकडा बघून चांगला बायस फोडला असेल कोण जाणे, मी तर गन खाली ठेवून पाणी प्यायलो.

राहिला हेडफोन. पण माझ्या टेबलावर तो बसायलाच तयार नाही. मी तंबोऱ्याचं अ‍ॅप लावतो टेस्टला, मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, कारण तंबोरा एकसारखा वाजत राहतो आणि जवारीमुळे वरचे बारीक सूर भरपूर असतात, आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध बसतो आणि एक बाजू थोडीही पडली की तंबोरा कपाळावरून सरकायला लागतो. माझ्याकडे चार तास वाजवला, इंचभर हलला नाही. फक्त कप कानावर दाबला की फर्र असा आवाज यायचा, काका त्यालाही घाबरले होते, पण तो आजार नाही, हवेच्या दाबाने पडदा जाळीला टेकतो, इतकंच. पाहुण्यांसमोर दाबू नका.

शेवटी मीच गेलो धरमपेठेत, दुपारी तीनला.

(दृश्य : हॉलच्या खिडकीत कूलर, ताटीवरून पाणी ओघळतंय, समोर आरामखुर्ची.)

खिडकीत भला मोठा कूलर, त्याच्या बरोबर समोर आरामखुर्ची, उजवा खांदा कूलरकडे. खुर्चीत काका, डोक्यावर हेडफोन. मी आत आलो तर अंगाला दमट हवा लागली. खिशात हवेतली ओल मोजायचं छोटं घड्याळ होतं, बाहेर गच्चीवर त्याने १४ टक्के दाखवले होते, खुर्चीजवळ ठेवलं तर चढत चढत ६८.

लोक म्हणतात अशा वस्तू पावसाळ्यात त्रास देतात. मुंबईत देत असतील. आमच्याकडे मे महिन्यात घराघरात पावसाळा असतो ना बापा, खिडकीतून, पंख्यासकट! सकाळी कूलर बंद, हवा कोरडी, दोन्ही कान सारखे. बाराला कूलर सुरू, तीनपर्यंत उजवा कान झोपला. पडद्यावर जो लेप असतो तो मुद्दाम खूप जास्त रेझिस्टन्सचा ठेवतात, चार्ज त्यातून हळूहळू मुरतो, आणि एकदा मुरला की जागेवर राहतो. तिथे ओली धूळ बसली की चार्ज कडेने जाळीकडे झिरपायला लागतो, येतो त्यापेक्षा जातो जास्त, मग आवाज बसणारच.

पण उजवाच काहून? डावाही त्याच खोलीत होता ना.

घरी आणून उजवा पॅड सोलला. पॅड आणि जाळीच्या मध्ये एक पारदर्शक पातळ झिल्ली असते, डस्ट कव्हर, घाम, केस, धूळ आत जाऊ नये म्हणून. ती कडेला चिरलेली होती, बोटभर. आतल्या जाळीवर बारीक पांढरी भुकटी. कूलरच्या ताटीवर बोअरच्या पाण्याचे जे पांढरे थर चढतात ना, तसलीच.

मी मधला पडदा उघडला नाही. जाळ्या आणि पडदा यांचं सँडविच एकदा सुटलं की तोच ताण परत बसेल याची खात्री मला नाही, आणि ताण कमी पडला तर पडदा एका जाळीला जाऊन चिकटतो. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने बाहेरून हळू फुंकून धूळ काढली, कॉम्प्रेसर नाही, तो मारला तर पडदा गेलाच समजा. मग आईचा पापडाचा स्टीलचा डबा घेतला, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर कापड, त्यावर हेडफोन, झाकण घट्ट, दोन दिवस. पापड तेवढे दिवस परातीत राहिले आणि त्यावरून जे बोलणं झालं ते इथे दाखवत नाही.

(दृश्य : भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेली झिल्ली, मागून उजेड.)

झिल्लीला आधी स्वयंपाकघरातली रॅपिंगची फिल्म लावून पाहिली. लागते, पण ती जाड, वरचे सूर मऊ झाले, तंबोऱ्याची जवारी गेली आणि नुसतं घूं घूं राहिलं. मग तीन मायक्रॉनची मायलार, म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, मागवली. ती ताणायला भरतकामाची लाकडी रिंग, तीही आईचीच. रिंगमध्ये धरायची, सुरकुत्या निघेपर्यंत कडेने ओढायची, हेअर ड्रायरची अगदी कमी हवा लांबून फिरवली की उरलीसुरली घडीही जाते आणि झिल्ली टणक होते, टिचकी मारली तर टप्‌ असा बारीक आवाज येतो. मग कपाच्या चौकटीला चारही बाजूंनी बारीक गोंद, वर फिल्म टेकवायची, रात्रभर वजन ठेवायचं नाही, नुसतं हात न लावता सोडायचं, हेच सर्वात अवघड. तिसऱ्या प्रयत्नात जमली. पहिल्या दोन माझ्या श्वासाने हलल्या.

जोडला, अँप्लिफायर सुरू करून रात्रभर बायसवर ठेवला, सकाळी तंबोरा लावला. कपाळाच्या मधोमध. मग मुद्दाम आमच्या कूलरसमोर चार तास बसलो. किंचित सरकला, भुवईइतका, एखादा डेसिबल असेल. काकांना खरं ते सांगितलं, म्हटलं एवढं राहणार, नाहीतर पडदा उघडावा लागेल आणि ती गॅरंटी मी देत नाही. ते म्हणाले, "राहू दे बाबू, माझ्या कानातच तेवढा फरक असंल."

खुर्ची मात्र हलवली, आता ती आतल्या खोलीत आहे, कूलरपासून लांब. वापरून झालं की हेडफोन डब्यात जातो, सिलिका जेलसकट, डबा काकूंनी स्वतःहून दिला, जुना, लाडवाचा. आणि काका आता ऐकतात पहाटे पाच ते सात, कूलर बंद असतो, हवा कोरडी, फाटकाशी दूधवाला येईपर्यंत. त्यानंतर कूलरच्या स्विचवर काकूंचा हात असतो आणि त्यात कुणाची काही चालत नाही.

(दृश्य : पहाट, धरमपेठेतली आतली खोली. काका डोळे मिटून. अँप्लिफायरचा लाल दिवा. तंबोरा.)