हातचं आणि पळतं

(पडद्यावर: दहा जणांचे हात. प्रत्येकासमोर बटणांचं छोटं यंत्र.)

आधी हात बघा. बोटं बटणांच्या वर अधांतरी थांबलेली. प्रश्न वाचून होतो, चार पर्याय येतात, ते योग्य क्रमाने लावायचे. सगळ्यात आधी बरोबर लावेल तो हॉटसीटवर जाणार. दहातला एकच.

'कौन बनेगा करोडपती'मध्ये स्पर्धकांचं काय झालं हे सांगताना आपण करोडपतींपासून सुरुवात करतो. पण इथवर येऊन, खुर्चीला हातही न लावता घरी गेलेली माणसं त्यांच्याहून कितीतरी जास्त आहेत.

कोल्हापूरच्या कविता चावला त्यांतल्याच एक. ३ जुलै २००० रोजी कार्यक्रम सुरू झाला, त्या वर्षापासून त्या प्रयत्न करत होत्या. शिक्षण बारावीपर्यंत. मुलाचा अभ्यास घेता घेता स्वतःचाही अभ्यास चाललेला. २०२१ मध्ये त्या फास्टेस्ट फिंगरपर्यंत, म्हणजे बटणांच्या त्या फेरीपर्यंत पोचल्या आणि गाडी तिथेच अडली. २०२२ मध्ये पुन्हा आल्या आणि त्या पर्वातल्या पहिल्या करोडपती ठरल्या. मधलं एक वर्ष कॅमेऱ्याने पाहिलेलं नाही. मला विचाराल, तर तेच वर्ष बघायला हवं होतं.

(पडद्यावर: बक्षिसांची शिडी, खालून वर उजळत जाणारी.)

आता ही शिडी. पहिल्या पर्वात १५ प्रश्न होते, १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंत. मध्ये दोन पडाव, १०,००० आणि ३,२०,०००. पडाव गाठला की तेवढी रक्कम पक्की. पुढे उत्तर चुकलं तर माणूस थेट मागच्या पडावावर येऊन आदळतो. उत्तर न देता खेळ सोडला, तर मात्र हातात आहे तेवढं सगळं घरी नेता येतं. स्पर्धकाचं काय होणार, ते बहुतेक वेळा याच नियमावर ठरतं.

जरा हिशोब करून बघू. चौदा प्रश्न झालेत, ५० लाख हातात आहेत आणि पंधराव्याचं उत्तर अजिबात ठाऊक नाही. असे चार जण धरा. चौघांनी चार वेगवेगळी उत्तरं ठोकून दिली. एकाला १ कोटी, तिघांना प्रत्येकी ३ लाख २० हजार. माणशी सरासरी पडली २७ लाख ४० हजार. गप्प उठून गेले असते, तर प्रत्येकाला ५० लाख मिळाले असते! दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तरी सरासरी जाते फक्त ५१ लाख ६० हजारांवर. म्हणजे जेमतेम बरोबरी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे घरातली मोठी माणसं सांगत आली. इथे ते आकड्यांत दिसतं. आणि ज्याचा महिन्याचा पगार चार आकडी आहे, त्याच्या हातून ४६ लाख ८० हजार एका उत्तरात निसटले, तर त्याचं दुःख कुठल्याच सरासरीत बसत नाही.

म्हणून या खेळात माहिती लागतेच. पण आपल्याला काय माहीत नाही, हे वेळेवर ओळखावं लागतं. ते जास्त अवघड. दिवे मंद झालेले असतात, संगीत छातीत वाजत असतं, आणि अर्धवट आठवलेलं नाव अगदी ओळखीचं वाटू लागतं.

(पडद्यावर: प्रेक्षकांच्या कौलाचे चार स्तंभ.)

अशा वेळी प्रेक्षकांचा कौल मदतीला येतो, आणि तो का चालतो हे समजण्यासारखं आहे. समजा, सभागृहात १०० जण आहेत आणि उत्तर फक्त २० जणांना माहीत आहे. उरलेल्या ८० जणांनी अंदाजाने बटण दाबलं, तर ते चार पर्यायांत साधारण वीस-वीस असे पांगतात. बरोबर उत्तराला ४०, बाकीच्यांना २०. जाणणारे एका जागी गोळा होतात, म्हणून थोडे असूनही उठून दिसतात. प्रश्न फसवा असेल तर मात्र न जाणणारेही एकाच चुकीच्या उत्तराकडे ओढले जातात. तेव्हा तोच उंच स्तंभ स्पर्धकाला घेऊन बुडतो.

(पडद्यावर: राज्यघटनेचं उघडलेलं पान.)

२००० साल. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, वय २७, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. कोटीचा प्रश्न आला: यांपैकी कुणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना देते? उत्तर, अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. घटनेचं ८८ वं कलम. त्यांना सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. ज्याच्या अभ्यासात घटना रोजचीच, त्याच्यासमोर घटनेचाच प्रश्न यावा! नशीब म्हणा हवं तर. पण पान वाचलेलं होतं. नवाथे पहिले करोडपती झाले. जिच्यासाठी ते पान वाचलं, ती परीक्षा मात्र मागे पडली. पुढे त्यांनी ब्रिटनमध्ये एमबीए केलं आणि नोकरीत रमले.

बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार मनरेगाच्या कामावर संगणक चालवायचे, महिना ६,००० रुपये. २०११ पर्यंत शिडी कोटीच्या वर गेली होती; त्या वर्षी ते ५ कोटींच्या प्रश्नापर्यंत पोचले: १८६८ मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातून काढता पाय घेतला? चुकले असते तर हातातला कोटीही गेला असता. त्यांनी डेन्मार्क म्हटलं, आणि ते बरोबर होतं. अशा बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर लागतो, वर अधिभार, त्यामुळे जाहीर झालेला आकडा आणि हातात पडणारा आकडा वेगळाच. पण सुशील कुमारांना खरा फटका बसला तो नंतर. जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट होता, लोकांनी फसवलं, व्यसन लागलं, हे त्यांनी २०२० मध्ये स्वतःच जाहीरपणे लिहिलं. त्यातून ते बाहेर आले. चंपारणमध्ये चाफ्याची रोपं लावत राहिले. त्या लिहिण्याला जे धैर्य लागलं, ते मला डेन्मार्क म्हणण्याहून मोठं वाटतं.

(पडद्यावर: शाळेचं स्वयंपाकघर. मोठं पातेलं.)

अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी. बबिता ताडे इथल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. महिन्याला १,५०० रुपये. २०१९ मध्ये त्या १ कोटी जिंकल्या. मग ७ कोटींचा प्रश्न समोर आला: कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे भारताचे राष्ट्रपती झाले? उत्तर होतं बिहार. बबिताताईंना खात्री नव्हती. उत्तर चुकलं असतं तर त्या ३ लाख २० हजारांवर आल्या असत्या.

त्या थांबल्या. खेळ सोडते म्हणाल्या.

घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाइल होता, आणखी एक घ्यावा एवढी त्यांची साधी इच्छा होती. खिचडीचं काम सोडणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

(पडद्यावर: पातेल्यावरचं झाकण उचललं जातं. वाफ.)